मारुतचं किट भोसरीत का बनू नये?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२६ सप्टेंबर २०२५ला चंडीगडमध्ये मिग-२१ निवृत्त झालं, त्यावर आपण छान पान काढलं होतं. त्यानंतर याच सदरात बिबवेवाडीच्या एका आजोबांचं चार ओळींचं पत्र आलं. नातवाला आपल्या देशात तयार झालेल्या ‘मारुत’ या लढाऊ विमानाचं जोडणीचं किट द्यायचंय, पुण्यात कुठल्या दुकानात मिळेल, एवढंच त्यांनी विचारलं होतं. कुणी उत्तर दिलेलं दिसलं नाही, म्हणून मी देतो.

आजोबा, मिळणार नाही. पुण्यात नाही आणि मुंबईतही नाही. परदेशातल्या दुकानांत भिंतभर किटं रचलेली असतात, पण तिथंही एअरफिक्स, तामिया, हासेगावा, एदुआर्द यांच्या खोक्यांवर मारुत सापडणार नाही, कारण यांच्यापैकी कुणी ते काढलेलंच नाही. मी नोकरीची सगळी वर्षं भोसरीत प्लास्टिकचे मोल्ड बनवण्यात घालवली आणि निवृत्त झाल्यापासून दर रविवारी प्लास्टिकची विमानं जोडतो. त्यामुळे आपल्या प्रश्नाचं लांबलचक उत्तरही माझ्याकडे आहे. संपादकांनी जागा दिली तर ते असं.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. ही विमानं उडत नाहीत. (घरी येणारा पाहुणा पहिल्यांदा तेच विचारतो आणि नाही म्हटलं की त्याचा रस संपतो.) खोक्यात पॉलिस्टायरिनच्या जाळ्या असतात, जाळीला लहानमोठे भाग लागलेले असतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. सगळ्यात रुळलेलं माप १/७२ चं, म्हणजे सहा फुटी माणूस एका इंचाचा. हे माप इंग्लंडमध्ये १९३०च्या दशकात लाकडी मॉडेलांपासून चालू झालं. १९३६ला फ्रॉग कंपनीने त्यात प्लास्टिकची किटं आणली. महायुद्धात आपलं विमान कुठलं आणि शत्रूचं कुठलं हे सैनिकांना नुसत्या आकारावरून ओळखता यावं, म्हणून याच मापाची काळी मॉडेलं समोर धरून त्यांची तयारी करून घेत. म्हणजे हा नुसता लहान मुलांचा उद्योग कधीच नव्हता.

आमची बैठक कर्वेनगरात एका सोसायटीच्या गच्चीवरच्या खोलीत भरते. सहकारनगरचे एक दंतवैद्य आहेत, हवाई दलातून निवृत्त झालेले धानोरीचे एक एअरफ्रेम फिटर आहेत, वारज्याची इंजिनिअरिंग शिकणारी मुलगी आहे, बँकेतले एक गृहस्थ आहेत, अधूनमधून कुणाचा तरी भाचा किंवा शेजारी येऊन बसतो. प्रत्येकाचं किट वेगळं, टेबल एकच. किटाबरोबर आलेला माहितीचा कागद कुठला भाग कुठं लावायचा ते सांगतो, कसा लावायचा ते सांगत नाही. ते शेजारी बसलेल्याच्या हाताकडे बघूनच कळतं.

चिकटवायचंच घ्या. नवा माणूस डिंकासारखं फासायला जातो. पण हे सिमेंट डिंकाच्या जातीचंच नाही. ते प्लास्टिकलाच विरघळवतं आणि दोन कडा एकमेकींत मिसळून एक होतात. पातळ सिमेंट असेल तर दोन्ही भाग नुसते जुळवून धरायचे आणि ब्रशचं टोक फटीला टेकवायचं. ते आपणहून फटीभर धावतं. थोडं जास्त झालं आणि वर बोट पडलं, तर बोटाचा ठसा कायमचा विमानावर. दंतवैद्यांनी दाखवल्याशिवाय हे आमच्यातल्या कुणालाच नीट जमलं नव्हतं. त्यांचा हात बघत राहावा असा आहे. शिवाय दवाखान्यातून बाद झालेली बारीक हत्यारं तेच घेऊन येतात, त्यामुळे कोरकामाला आम्हाला काही विकत आणावं लागत नाही.

बाकीची खरेदी शहरभर विखुरलेली. थिनर आणि पॉलिश पेपर बोहरी आळीतून. सांधे घासायला सगळ्यात उत्तम वस्तू म्हणजे नखं घासायच्या, स्पंज लावलेल्या पट्ट्या, आणि त्या तुळशीबागेत मिळतात. साठी उलटलेले दोन पुरुष नेलपॉलिशच्या स्टॉलवर उभे राहून पट्टीचा खरखरीतपणा अंगठ्यावर तपासतात तेव्हा स्टॉलवाल्या बाईंच्या चेहऱ्याकडे न बघितलेलंच बरं. विमानाची एरियलची तार करायची तर रिकाम्या जाळीचा तुकडा निरांजनाच्या ज्योतीवर धरायचा, मऊ झाला की बाजूला घेऊन ताणायचा. केसाएवढी तार निघते. निरांजन देवघरातलं नको, वेगळं घ्या, एवढी सूचना आमच्या घरून आलेली आहे.

पावसाळ्यात रंगकाम बंद. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याच्या दमट हवेत लॅकर मारलं की थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर दव धरतं आणि चकचकीत काळा रंग दुधाळ होऊन बसतो. म्हणून ते दोन महिने आम्ही कॉकपिटं, चाकं, इंजिनं अशी आतली कामं उरकतो आणि दसऱ्याच्या सुमारास एअरब्रश, म्हणजे रंगाचा बारीक फवारा मारायचं यंत्र, बाहेर निघतो. एअरब्रश वारज्याच्या मुलीच्या ताब्यात असतो. रंग किती पातळ हवा हे ती वाटीच्या कडेवरून खाली ओघळणाऱ्या थेंबावरून ठरवते, आणि तिने नाही म्हटलं की आम्ही ज्येष्ठ नागरिक मुकाट्याने आणखी चार थेंब थिनर घालतो.

फिटर साहेबांचा अधिकार वेगळा. मॉडेल जुनं, वापरलेलं दिसावं म्हणून रंग कुठं उडालेला दाखवायचा, काजळी कुठं धरायची, यावर परदेशी तंत्राची भरपूर चित्रं मिळतात. ती बघून आमच्या बँकवाल्यांनी कॅनबेरा या बॉम्बर विमानाच्या पंखांवर सगळीकडे रंग उडवून ठेवला. साहेबांनी ते हातात घेतलं आणि म्हणाले, “या जागी कुणाचा बूटच पोचत नाही. मग रंग कशाने जाईल?” तेल कुठल्या झडपेतून गळायचं, कुठला पॅनल रोज उघडला जायचा आणि कुठला महिन्यातून एकदा, हे त्यांना पाठ आहे. कॅनबेराची माझ्या पिढीच्या पुणेकरांना वेगळी ओळख करून द्यायला नको. ३५ स्क्वाड्रनची विमानं लोहगाववरून उठली की येरवड्यापर्यंत बोलणं थांबायचं. १९५७पासून ती आपल्याकडे होती, २००७च्या मे महिन्यात निवृत्त झाली. नशिबाने एअरफिक्सने तिचं बी(आय)८ हे रूप काढलेलं आहे आणि आपलं बी(आय)५८ त्याच्यावरच बेतलेलं, त्यामुळे थोड्या फेरफारात काम भागतं.

सगळ्या विमानांचं असं भागत नाही, आणि इथून आजोबांच्या प्रश्नाकडे येतो. मिग-२१ हवं तेवढं मिळेल. एदुआर्दने १/४८ मध्ये त्याची मालिकाच काढली आहे. नॅट या लढाऊ विमानाचं एअरफिक्सचं किट आहे, पण ते इंग्रजांच्या दोन आसनी ट्रेनरचं, लाल रंगातल्या कसरतीच्या विमानाचं. १९७१च्या डिसेंबरात श्रीनगरवर निर्मलजितसिंग सेखों यांनी उडवलं ते एक आसनी. नाक आखूड, पंख लहान. ट्रेनरचं किट कापून ते करायचं म्हणजे विमानाची शस्त्रक्रियाच. नॅटवरून बंगळूरला सुधारून बनवलेलं आपलं अजीत? त्याचं १/७२ चं किट निघालं, स्पेशल हॉबी या कंपनीने काढलं, आणि ही कंपनी आहे चेक प्रजासत्ताकातली. मी ते खोकं हातात घेतलं तेव्हा आनंद आणि राग एकदमच आला. बंगळूरचं विमान, किट चेक लोकांनी बनवलेलं, आणि आम्ही भोसरीत वॉशिंग मशीनची झाकणं आणि मोटारींचे डॅशबोर्ड करत बसलो होतो!

मारुतची गोष्ट तर आणखी विचित्र. तिचा मुख्य रचनाकार कुर्ट टँक, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन फॉके-वुल्फ १९०चा जनक. त्या एफडब्ल्यू-१९०ची किटं वर सांगितलेल्या चारही कंपन्यांनी काढलीत, वेगवेगळ्या मापांत आणि उपप्रकारांत. तोच माणूस १९५६मध्ये बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये (म्हणजे आताच्या एचएएलमध्ये) येतो, आपल्या इंजिनिअरांना हाताशी धरून नवं जेट लढाऊ विमान आखतो, १९५९मध्ये त्याचं पूर्ण आकाराचं लाकडी ग्लायडर डाकोटा विमानामागे बांधून हवेत चाचण्या होतात, १७ जून १९६१ला विंग कमांडर सुरंजन दास ते पहिल्यांदा उडवतात, एकूण १४७ विमानं बांधली जातात, १९७१ला राजस्थान आघाडीवर ती लढतात, आणि त्याचं किट मात्र या कंपन्यांना काढावंसं वाटत नाही. मनासारखं इंजिन मिळालं नाही म्हणून मारुत अखेरपर्यंत ताकदीला कमी पडली, हे खरं. नॅटमध्ये एक ऑर्फियस इंजिन होतं, तिच्यात दोन बसवली, तरीही आखणीच्या मानाने बळ अपुरंच. पण युद्धात पडलेली, फसलेली, कागदावरच राहिलेली जर्मन विमानंसुद्धा किटांत मिळतात, तेव्हा हे काही कारण नव्हे. कारण एवढंच की त्या कंपन्यांचं गिऱ्हाईक तिकडचं आहे. त्यांनी आपली विमानं का काढावीत? डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी आखलेलं एचटी-२ हे ट्रेनर विमान १९५१ला उडालं, त्यांच्याच नेतृत्वाखाली आखलेलं किरण १९६४ला. आपल्या वैमानिकांच्या किती पिढ्या त्यांवर शिकल्या! या कंपन्यांच्या यादीत तीही नाहीत. ज्या वालचंद हिराचंदांनी १९४०मध्ये बंगळूरचा हा कारखाना उभा केला, ते सोलापूरचे. आपण निदान तेवढ्यापुरती तरी लाज धरावी.

आम्ही काय केलं ते सांगतो. आमच्यातले एक जण लग्नासाठी बंगळूरला गेले असता एचएएलच्या संग्रहालयातल्या मारुतचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून आले, जमेल तिथे शेजारी पट्टी धरून. विमानाची लांबी १५.८७ मीटर, पंखांचा विस्तार ९ मीटर. म्हणजे १/७२ मध्ये बावीस सेंटिमीटर आणि साडेबारा सेंटिमीटर. तळहातावर मावतं. मी आराखडा काढला, प्लास्टिकच्या पत्र्याचे आडवे छेद कापून ते कण्यावर ओवले आणि मधल्या जागा एम-सीलने भरल्या. मारुतची कंबर बारीक आहे. पंख जिथे जोडले जातात तिथे धड आत घेतलेलं आहे, ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून. ती वळणरेषा नीट आली नाही तर समोर कुठलंही परदेशी जेट वाटतं. दंतवैद्यांनी ती पंधरा दिवस घासली. कॅनोपीसाठी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक छतासाठी, लाकडाचा ठोकळा कोरून मिठाईच्या डब्याचं पारदर्शक झाकण गरम करून त्यावर दाबलं. फिटर साहेबांनी एअर इनटेक, म्हणजे इंजिनासाठी हवा आत घेणारी तोंडं, दोनदा परत करायला लावले. शेवटी मास्टर, म्हणजे साच्यासाठीचा मूळ नमुना, तयार झाला, त्याचा सिलिकॉनचा साचा घेतला, रेझिन ओतून प्रत्येकाला एकेक प्रत मिळाली. बुडबुडे आहेत, डाव्या पंखाला थोडी मुरड आहे. पण मारुत आहे.

रेझिनच्या पाच-सात प्रतींनी आजोबांच्या नातवाचं काम होणार नाही. त्याला स्वस्त, एकसारखं, चिमट्याने कापून जोडता येणारं किट हवं. त्यासाठी पोलादाचा किंवा अॅल्युमिनियमचा मोल्ड हवा, आणि मोल्ड हा तर पुण्याचा घरचा धंदा. भोसरी, चिंचवड, चाकणच्या टूलरूममध्ये, म्हणजे मोल्ड बनवायच्या कार्यशाळांत, आज जी मशिनं आहेत त्यांच्या पुढे हे काम अवघड नाही. एक उदाहरण देतो. जुन्या किटांवर पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषा उठावाच्या असायच्या, नव्यांवर कोरलेल्या असतात. जुनी माणसं काय कमी कसबी होती? नाही. मोल्डमध्ये सगळं उलटं असतं: पोलादावर ओरखडा ओढला की प्लास्टिकवर उठाव येतो. प्लास्टिकवर बारीक खोल रेषा हवी तर पोलादावर केसाएवढी कड शिल्लक ठेवून आजूबाजूचं सगळं काढावं लागतं. हाताने ते करणं म्हणजे शिक्षा. आता सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवर, इलेक्ट्रोड कापून स्पार्क इरोजनने, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी पोलाद झिजवून, ते सर्रास होतं. मी स्वतः मोबाइलच्या कव्हरवर याहून बारीक अक्षरं उतरवलेली आहेत.

इजेक्टर पिनांचंही सांगतो, कारण त्याबद्दल रविवारी मला टोमणे खावे लागतात. मोल्डमधून भाग बाहेर ढकलायला पिना लागतात, त्यांचे गोल ठसे भागावर राहतात, आणि विमान जोडणाऱ्याला ते पुट्टीने भरून घासत बसावं लागतं. आम्ही टूलरूमवाले पिना आमच्या सोयीने मारतो. जो माणूस मॉडेल जोडतो तोच मोल्ड आखत असेल, तर पिना पंखांच्या आतल्या बाजूला जातील, चाकांच्या कोनाड्यात दिसणार नाहीत. एवढ्याशा गोष्टीवर किट चांगलं की वाईट ते ठरतं.

आयातीचा मुद्दा निघणारच, म्हणून तोही. खेळण्यांवरचं आयात शुल्क फेब्रुवारी २०२०मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचं (बीआयएस) प्रमाणपत्र सक्तीचं झालं. कस्टमच्या वर्गवारीत आमची किटं खेळण्यांच्याच ९५०३ शीर्षकाखाली बसतात. शुल्क, त्यावर जीएसटी, कुरिअर. मूळ किमतीच्या दुप्पट सहज होते. आमच्या मंडळींत यावर दर रविवारी चहाबरोबर एकदा रडगाणं होतं. मी त्यात नसतो. माझं मत, आणि ते टेबलावर कुणालाच आवडत नाही, असं की शुल्क राहू दे. भिंत बांधली आहे ना, मग भिंतीच्या आत काहीतरी बनवून दाखवा. नुसती भिंत ठेवून आत मोकळं मैदान ठेवलंत तर तोटा फक्त त्या नातवाचा.

जपानचं शिझुओका बघा. तामिया १९४६ला तिथं लाकडाच्या धंद्यात सुरू झाली, मग लाकडी मॉडेलं करू लागली, आणि साठच्या सुमाराला प्लास्टिककडे वळली. हासेगावाही त्याच प्रांतातली. आज दर मे महिन्यात तिथं प्रदर्शन भरतं, आणि कंपन्यांच्या मांडणीबरोबर हौशी लोकांची टेबलंही लागतात. मोल्ड करणारा आणि मॉडेल करणारा एका छताखाली येतात आणि कुठला सांधा नीट बसत नाही ते तोंडावर सांगतात. आपल्याकडे तर मुळात हौसेची कमी नाही. कर्वे पुतळ्याजवळचं भाऊसाहेब जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय बघायला बाहेरगावाहून लोक येतात. तीही एका माणसाच्या हाताची कमाई.

पहिल्याच फटक्यात तामियाच्या तोडीचं किट काढा असं मी म्हणत नाही. चेक कंपन्यांनीही सुरुवात साध्या, थोड्या नगांच्या साच्यांनी केली. १/७२ मारुतचे सगळे भाग ए-फोर कागदाएवढ्या दोन जाळ्यांत बसतील, शिवाय कॅनोपीची छोटी पारदर्शक जाळी. तिची कॅव्हिटी, म्हणजे साच्यातली पोकळी, मात्र डायमंड पेस्टने आरशासारखी पॉलिश करावी लागेल, तिथे कंजुषी नको. अॅल्युमिनियमचा साचा काही हजार नगांना पुरेल. कॉलेजच्या मुलांना प्रोजेक्टसाठी त्याच त्या गिअरबॉक्सच्या फाइली पुढे करण्याऐवजी एखाद्या विभागप्रमुखांनी हे द्यावं: स्कॅनिंग, थ्रीडी मॉडेल, मोल्ड फ्लो (साच्यात प्लास्टिक कसं वाहतं ते), सगळा अभ्यास होऊन जाईल. आमच्या वारज्याच्या मुलीने मास्टरचं मॉडेल संगणकावर करायला घेतलंच आहे. तिच्या फाइलमध्ये मी ड्राफ्ट अँगल (भाग साच्यातून सुटावा म्हणून ठेवलेला उतार) तपासतो, ती माझं इंग्रजी.

आजोबा, तोवर नातवासाठी. मारुत हट्टाने शोधू नका. १/७२ चं, कमी भागांचं, एका इंजिनाचं साधं विमान घ्या; मिग-२१ किंवा स्पिटफायर चालेल. जाळीतून भाग पिळून तोडू देऊ नका, नाहीतर पंखाचा लचका निघतो; नेलकटरनेही नीट कापता येतो. पहिलं विमान रंगवायचा आग्रह धरू नका, नुसतं जोडू द्या. सिमेंट वापरताना खिडकी उघडी ठेवा. आणि रविवारी सकाळी त्याला घेऊन या. पत्ता आपल्या कार्यालयात देऊन ठेवतो आहे, संपादकांनी कृपया आजोबांना कळवावा. खोलीत एक खुर्ची रिकामी आहे आणि मुलांना फिटर साहेब फार आवडतात.

टूलरूमवाल्या मित्रांना वेगळं सांगतो. ज्यांच्याकडे साधारण साडेतीनशे बाय तीनशे मिलिमीटरचा जुना मोल्ड बेस पडून असेल, त्यांनी तो भंगारात घालू नये. कॅव्हिटीचं डिझाइन, मास्टर आणि माझा वेळ फुकट आहे. शंभर-सव्वाशे टनांचं मशीन चाचणीला एक दिवस मिळालं तरी पुरे. पॉलिस्टायरिनचा खर्च आम्ही वर्गणी काढून करू.

आपला,
एक निवृत्त मोल्डमेकर
कर्वेनगर, पुणे